चार सेकंद पुढचा टीव्ही

ज्योत्स्नाबाई गावंडे यांना टीव्हीचा राग आला होता, आणि तो कुणाला समजावून सांगता येत नव्हता हे त्याहून वाईट होतं. टीव्हीवर काय दाखवतात यावरून चिडणारी माणसं अमरावतीत घरोघरी आहेत. त्यांना शेजारीपाजारी मान डोलावून साथ देतात. पण 'हा टीव्ही माझ्या आधी बोलतो' अशी तक्रार घेऊन नोकरीतून निवृत्त झालेल्या साठीच्या बाईने जायचं कुठे?

टीव्ही जुनाच होता. नवी होती ती त्याच्या पाठीला चिकटवलेली बशीएवढी चकती. ती आणली होती मनोहररावांनी, गणपतीच्या आधी. मनोहरराव म्हणजे ज्योत्स्नाबाईंचे यजमान, जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. फोनवरचं टीव्हीवर मोठं करून बघायचं त्यांना वेड होतं, आणि इतकी वर्षं त्या वेडापायी सगळ्या घराला ताप होता. सोफ्यावर बसून एका हातात फोन धरायचा, दुसऱ्या हातात रिमोट. फोन म्हणायचा शोधतो आहे, टीव्ही म्हणायचा वाट बघतो आहे. पाच मिनिटांनी दोघांची गाठ पडली तरी बोट फोनवर फिरे आणि चित्र टीव्हीवर मागाहून रमतगमत येई. मग मनोहरराव पुन्हा बोट मारत, चित्र दोन घरं पुढे जाई, आणि शिव्या ज्योत्स्नाबाईंना ऐकाव्या लागत, कारण वाय-फायचा डबा त्यांच्या शिलाई मशीनजवळ होता.

चकती आली आणि हे सगळं मिटलं. मनोहररावांनी घरातले दोन्ही फोन तिला कायमचे जोडून टाकले. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्या दोघांपैकी कुणी फोनवरचं बटण दाबलं, की पडदा टीव्हीवर. उशीर नाही. उलट थोडी घाईच होती, पण ते नंतर कळलं.

पहिली ठेच लागली ती शेजारच्या ढोबळेकाकूंमुळे. त्यांनी पाठवलेली शेवभाजी खाऊन झाल्यावर ज्योत्स्नाबाई नेहमीप्रमाणे निरोप लिहायला बसल्या. फोन टीव्हीला लागलेला होता आणि काकू डबा न्यायला नेमक्या तेव्हाच मागे दारात येऊन उभ्या होत्या, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. ज्योत्स्नाबाईंनी फोन हातात घेतला, अंगठा अजून अक्षरांपर्यंत पोचायचा होता, आणि पंचावन्न इंची पडद्यावर आलं, 'तेल किती ओतता हो काकू, घशाशी आलं.' मग ते पुसलं गेलं आणि त्याजागी आलं, 'भाजी फक्कड झाली होती, कृती पाठवा.'

काकू डबा घेऊन गेल्या. कृती काही आली नाही.

"आई, अगं चकती बरोबरच आहे, तूच फार ठराविक आहेस," पुण्याहून ऋतुजा फोनवर म्हणाली. ऋतुजा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती अशाच यंत्रांच्या कंपनीत कामाला होती, त्यामुळे तिला प्रत्येक यंत्राची बाजू घ्यायची सवय होती. "आधी काय व्हायचं, फोन स्वतःच्या पडद्याचा सेकंदाला साठ वेळा फोटो काढायचा, दाबून लहान करायचा, हवेतून फेकायचा आणि टीव्ही तो उलगडायचा. त्यात पाव-अर्धा सेकंद जायचाच. तो वेळ कितीही कमी केला तरी शून्य होत नाही. मग लोकांनी डोकं लढवलं, की वाट बघायचीच कशाला? पुढचा फोटो काय असणार याचा अंदाज करून तो आधीच दाखवून टाकू."

"अंदाज कशावरून?"

"तुझ्या हातावरून. अंगठा उचलायच्या आधी फोन हातात किंचित हलतो, ते फोनला कळतं. शिवाय तू आजवर काय काय लिहिलंस ते सगळं त्याच्या ध्यानात असतं. लिहिलेलं, आणि लिहून पुसलेलंही. अंदाज बरोबर आला तर उशीर दिसतच नाही. चुकला तर गुपचूप खरं चित्र लावून टाकायचं. आणि जितकी खात्री असेल तितकं ते पुढे पळतं. माझ्या बाबतीत अर्धा सेकंद. तुझ्या बाबतीत बघ, चार सेकंद!"

"म्हणजे?"

"म्हणजे तू प्रत्येक निरोप आधी एक लिहितेस, मग पुसतेस आणि दुसरा पाठवतेस. किती वर्षं चाललंय हे? ते बिचारं शिकलं."

 ते खरं होतं. तोंडावर कुणाला काही बोलायचं नाही असं ज्योत्स्नाबाई बत्तीस वर्षांपूर्वी या घरात शिकल्या होत्या. मग फोन आला आणि त्यांना एक जागा सापडली. मनात येईल ते खटाखट लिहायचं, डाव्या अंगठ्याने, एकही शब्द न गाळता. एकदा वाचायचं. मग पुसून टाकायचं आणि माणसासारखं काहीतरी पाठवायचं. कुणाचं नुकसान नाही, स्वतःचा रक्तदाब ठीक. हे कुणी मोजून ठेवत असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"बंद कर तो अंदाज," त्या म्हणाल्या.

"करता येतो. पण मग लोक विचारतील की काहून बंद केला."

आणि लोक खरंच विचारत होते. चकत्या बाजारात आल्या त्याच्या वर्षाच्या आत गावात नवी रीतच पडली होती. पाहुणे आले की पाण्याच्या तांब्यामागोमाग वाक्य यायचं, "लावा की तुमचा पण फोन टीव्हीवर." नाही म्हणणाऱ्याच्या पोटात काहीतरी आहे असं धरलं जाई. गाडगेनगरात एक ठरलेलं लग्न चहाच्या कपावर मोडलं, कारण मुलाच्या मामाचा फोन टीव्हीला लागलेला राहिला. ज्या माणसाने एक अक्षर लिहिलेलं नाही त्याला लोक विचारत, तू असं कसं लिहिलंस? आणि तो गोंधळून माफी मागे. ज्योत्स्नाबाईंना या सगळ्याची मनस्वी चीड येई, पण अंदाज त्यांनीही बंद केला नाही. भीतीच वाटली.

मग भाऊबीज आली.

मनोहररावांची थोरली बहीण प्रमिलाताई सकाळच्या एसटीने परतवाड्याहून आल्या. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून त्यांनी तीस वर्षं धारणी-चिखलदऱ्याचे डोंगर पालथे घातले होते आणि झाकण दिसलं की उघडून बघायचं ही सवय तेव्हापासूनची होती. मूलबाळ नाही, दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, आणि श्रावणात मोरीत पाय घसरून मनगट मोडलं. हाड जुळलं होतं, पण एकटं राहायचा धीर गेला होता. त्यांना आता अमरावतीला आणायचं असं मनोहररावांच्या मनाने घेतलं होतं.

मनाने घेतलं म्हणजे कामकाज सुरू. निवृत्तीनंतर मनोहररावांनी कार्यालय घरी आणलं होतं. घरातला कुठलाही निर्णय ते कुटुंबाच्या ग्रुपवर ठराव म्हणून मांडत आणि प्रत्येकाने लेखी संमती द्यावी असा आग्रह धरत, मग ती माणसं एकाच सोफ्यावर का बसलेली असेनात. 'उद्या कुणी म्हणू नये की मला विचारलं नव्हतं,' हे त्यांचं म्हणणं.

ओवाळणी झाली, जेवणं झाली. सकाळचे फोटो ज्योत्स्नाबाईंच्या फोनमध्ये होते, म्हणून तो टीव्हीला लागला होता. ताई सोफ्यावर, मनोहरराव शेजारी. पडद्यावर ताई भावाला ओवाळताहेत आणि भाऊ तबकाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतो आहे. इतक्यात फोटोच्या डोक्यावर ठराव येऊन पडला.

'ठराव : श्रीमती प्रमिलाताई यांनी यापुढे कायम अमरावतीस मागील खोलीत वास्तव्य करावे. सूचक : मनोहर. अनुमोदक : ऋतुजा. सौ. ज्योत्स्ना यांनी संमती नोंदवावी.'

"अहो, समोरच तर बसली आहे मी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"लेखी असू दे," मनोहरराव म्हणाले.

टीव्ही चालू आहे हे ज्योत्स्नाबाई विसरल्या नव्हत्या. काय लिहायचं तेही ठरलं होतं. गेले पंधरा दिवस हा विषय मनोहरराव खाजगीत काढत होते आणि त्याला त्यांनी नऊ वेळा एकच उत्तर लिहून नऊ वेळा पुसलं होतं. आज त्या फक्त दुसरं, चांगलं वाक्य लिहिणार होत्या. त्यांनी फोन उचलला. डावा अंगठा नुसता खाली आला.

'ताईंना इथे आणू नका. त्या आल्या की मी माझ्याच घरात पाहुणी होते.'

चार सेकंद. दोन ओळी वाचायला इतका वेळ पुष्कळ असतो. मग ते पुसलं गेलं आणि ज्योत्स्नाबाईंनी खरोखर लिहिलेलं वाक्य आलं, 'ताई, घर तुमचंच आहे. कधीही या.' पण ते वाचायला तिथे कुणाचा डोळा राहिला नव्हता.

 प्रमिलाताईंनी चष्मा काढला, पुसला, पिशवीत ठेवला. "चारची गाडी मिळते का पाहतो," एवढंच म्हणून त्या उठल्या. फराळाचा डबा त्यांनी नेला नाही, आणि हे ज्योत्स्नाबाईंना सगळ्यात जास्त लागलं.

दार लागल्यावर मनोहरराव म्हणाले, "आलं ना शेवटी मनातलं बाहेर!"

"मी ते लिहिलं नाही."

"लिहिणार होतीस."

"नव्हते लिहिणार! आज तर अजिबात नव्हते. आणि लिहिलं असतं तरी पुसलं असतं. पुसलेल्याचा हिशेब कोण मागतं? रागाच्या भरात तुमच्या मनात माझ्याबद्दल काय काय येतं ते लावू का टीव्हीवर?"

"मले सवयच नाही बाप्पा पुसायची," मनोहरराव म्हणाले, आणि ते इतकं खरं होतं की ज्योत्स्नाबाईंना आणखीच संताप आला. त्या माणसाने बत्तीस वर्षांत आपलं एक वाक्य मागे घेतलं नव्हतं. टीव्ही त्याच्या पुढे अर्धं अक्षरही जात नसे. आणि म्हणून तो प्रामाणिक ठरला!

रात्रभर त्या स्वतःशी भांडत राहिल्या. जे लिहिते तो माझा राग असतो, जे पुसते ती मी असते, हे त्यांना लख्ख दिसत होतं. मनात आलं ते मेलं आपोआप येतं, त्यात माझी काय करणी? थांबून, वाचून, नको म्हणून पुसायला मात्र मला जोर लावावा लागतो. पण जगाने जोर लावलेलं सोडून आपोआप आलेलंच खरं धरायचं ठरवलं होतं. त्यांनी उठून चकतीचा अंदाज बंद केला. सकाळी मनोहरराव म्हणाले, "बंद काहून केला? अजून काही राहिलं आहे का पोटात?"

पुढच्या आठवड्यात ज्योत्स्नाबाईंनी ताईंना अकरा फोन केले. त्यांनी उचलले नाहीत. निरोपाला उत्तर एकच, 'बरी आहे.' मग ऋतुजाकडून कळलं. आत्याने दर्यापूरच्या वृद्धनिवासात नाव घातलं होतं. सोमवारी जाणार. घराला कुलूप लावून, शेजारणीला तुळस देऊन.

"आई, तू काही करू नकोस आता. जे झालं ते झालं," ऋतुजा म्हणाली.

"झालं काय? एका बशीने अंदाज केला, एवढंच झालं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि शनिवारी सकाळी साडेसातच्या गाडीत बसल्या.

परतवाड्याच्या घरात अर्धं सामान गाठोड्यांत बांधलेलं होतं. भिंतीवर टीव्ही होता आणि त्याच्या पाठीला तीच चकती. मनोहररावांनी एकावर एक फुकट आणली होती, दुसरी बहिणीला दिली होती. प्रमिलाताईंनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

"ताई, मला समजावून सांगू द्या."

"तोंडाने नको सांगू," ताई म्हणाल्या. "तोंडाने तू बत्तीस वर्षं गोडच बोलून राहिली. मले त्यात काही समजत नाही. लाव फोन टीव्हीवर. अंदाज चालू कर. अन् लिही."

 आठवडाभर ज्याने घर जाळलं त्याच विस्तवावर पुन्हा हात ठेवायचा? पण सोमवार उद्या-परवावर आला होता. ज्योत्स्नाबाईंनी फोन लावला. अंदाज चालू केला. अंगठा उचलला.

'तुम्ही माझे डबे हलवता.' टीव्ही लगेच म्हणाला. 'दर वेळी. तिखट उजवीकडे, मीठ उजवीकडे. मी डावखुरी आहे. तुम्ही गेल्यावर आठ दिवस माझा हात रिकाम्या जागी जातो.'

ज्योत्स्नाबाई पुसायला धावल्या. "पुसू नको!" ताई ओरडल्या. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, अंगणवाडीचं हजेरीपत्रक वाचावं तसं, ओळीखाली बोट धरून. "मग सांगायचं होतं! मले वाटे तुले नोकरीपायी लावायले फुरसत भेटत नाही. म्हणून लावून देत होती."

हे मात्र ज्योत्स्नाबाईंनी स्वतः लिहिलं, 'फुरसत नाही असं कोण म्हणालं? तुमच्या भावाने सांगितलं असेल.'

"हो, त्यानंच सांगतलं. अजून?"

'माझ्या बाळंतपणात माझ्या आईबद्दल तुम्ही म्हणालात, तिला लाडू वळता येत नाहीत.'

"नव्हतेच येत! फुटत होते सारे. तुह्या आईले मी दुसऱ्यांदा पाक करून दिला, ते नाही दिसलं तुले?"

ते ज्योत्स्नाबाईंना खरोखर माहीत नव्हतं. पण टीव्ही थांबायला तयार नव्हता. त्याच्याकडे बारा वर्षांचा साठा होता. निळी साडी, बारशाचं नाव, गॅसची शेगडी, मंगळागौरीला सगळ्यांदेखत केलेली थट्टा, एकामागून एक येत गेलं आणि ताई एकेकाला उत्तर देत गेल्या. काही कबूल केलं. काही साफ नाकारलं. निळ्या साडीवर दोघी इतक्या तावातावाने बोलल्या की खिडकीत शेजारीण येऊन गेली. ज्योत्स्नाबाईंच्या लक्षात आलं की आपण मघापासून फोनकडे बघतच नाही आहोत, आपण तोंडाने भांडतो आहोत. आयुष्यात पहिल्यांदा. दमायला झालं होतं, आणि खोटं कशाला सांगा, बरंही वाटत होतं.

"अन् एक सांग," प्रमिलाताई दम खाऊन म्हणाल्या. "दर वेळी तू मले म्हणायची, लिहायची, घर तुमचंच आहे. मी खरं धरलं. माह्या घरात मी डबे माह्या हातानं लावतो, तसे तिथं लावत होती. तूच म्हणे घर तुमचं, अन् तूच म्हणे मी पाहुणी. मी काय समजावं?"

 आठवडाभर ज्योत्स्नाबाई सांगत फिरल्या होत्या, की पुसलेलं खोटं आणि पाठवलेलं खरं. पण पाठवलेलं तरी कुठे खरं होतं? ती बाई बत्तीस वर्षं त्या वाक्यावर विश्वास ठेवून डबे लावत आली होती. राग पुसला हे चांगलंच झालं, पण त्याजागी जे लिहिलं ते लिहायला काही जोर लागत नव्हता. तेही आपोआपच येत होतं.

त्यांनी पुन्हा फोन घेतला. टीव्हीने आधी रागाचं वाक्य टाकलं. त्यांनी ते लिहिलं नाही. मग टीव्हीने घाईघाईने लावलं, 'ताई, घर तुमचंच आहे.' त्यांनी तेही लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, 'ताई, घर माझं आहे.'

पडदा अडखळला. अंदाजाला ही बाई ओळखीची नव्हती. दोन वेळा त्याने 'तुमचंच' लावून पाहिलं, दोन वेळा मागे घेतलं, आणि मग मधोमध एक गोल चाक फिरायला लागलं. ज्योत्स्नाबाई लिहीतच होत्या, हळूहळू, शब्दाशब्दाला थांबून. टीव्हीवर काही येईना. प्रमिलाताईंनी जरा वेळ वाट बघितली, मग खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्या शेजारी पलंगावर येऊन बसल्या. फोनच्या त्या टीचभर पडद्यावर त्यांनी वाचलं.

'ताई, घर माझं आहे. त्यातली मागची खोली तुमची, ती तुम्हाला हवी तशी लावा. स्वयंपाकघरातले डबे माझे. निवृत्त झाल्यापासून सकाळी आठपर्यंत मी तिथे एकटी असते, ते मला फार आवडतं, तेवढं मला ठेवा. राग आला तर मी तोंडावर सांगीन. तुम्हीही सांगा. दर्यापूरला जाऊ नका. तुम्ही तिकडे गेलात तर मला माझा सकाळचा चहा गोड लागणार नाही.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. "आठ म्हणजे उशीर होते," त्या म्हणाल्या. "मले सहाले चहा लागते."

"थर्मासमध्ये भरून खोलीत ठेवीन."

"थर्मासचा चहा मी पीत नाही."

"मग तुमच्या खोलीत छोटी शेगडी घेऊ. तुमची तुम्ही करा."

"साखर मी माही आणीन. तुह्या घरची बारीक असते."

"आणा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "पण माझ्या साखरेला नावं ठेवायची नाहीत."

"ठेवीन," ताई म्हणाल्या. "तोंडावर ठेवीन. तूच लिहिलं ना आत्ता."

ज्योत्स्नाबाईंनी मान डोलावली. प्रमिलाताईंनी स्वतःचा फोन शोधला, दोन गाठोड्यांच्या मधून काढला, आणि दर्यापूरचा नंबर लावला. पलीकडच्या माणसाला ऐकू कमी येत असावं, कारण त्या पुरेशा मोठ्याने बोलत होत्या.

"हॅलो, मी प्रमिला बोलून राहिली, परतवाड्याहून. सोमवारचं माहं नाव काढून टाका. नाही, नाही, तब्येत चांगली आहे. काय? नाही हो, कुणी गेलं नाही. माहं माह्या भावजयीशी भांडण झालं. हो, आत्ताच. मोठं झालं. म्हणून तर तिच्याकडे राहायले जाऊन राहिली ना."